झलक नव्हे, थाप!

शाहरुख खानचा ‘फॅन’ हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये आला. त्याआधी दोन महिने ‘जबरा फॅन’ या गाण्याचा टीव्हीवर नुसता धडाका होता. हिंदीत तर होतेच, पण मराठी, गुजराती, बंगाली, भोजपुरी अशा भाषांतही ते गाणे मुद्दाम काढले होते. पोराटोरांच्या तोंडी ते बसले. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) एक शिक्षिका घरच्यांना घेऊन चित्रपटाला गेल्या. चित्रपट संपला तरी गाणे आले नाही. येणारच नव्हते, कारण ते चित्रपटात नव्हतेच. मुले हिरमुसली, त्या रात्री जेवली नाहीत. बाई मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांनी यशराज फिल्म्स या कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार दाखल केली.

जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. बाई राज्य आयोगाकडे गेल्या. आयोगाने २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला: १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च. कंपनी राष्ट्रीय आयोगाकडे गेली आणि २०२० मध्ये तिथेही हरली. मग कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खालचे निकाल रद्द केले. न्यायालय म्हणाले की ट्रेलर हा प्रस्ताव नाही आणि वचनही नाही. लोकांनी तिकीट काढावे, चित्रपटाची चर्चा व्हावी, यासाठी तो असतो. त्यातले गाणे चित्रपटात दिसले नाही म्हणून सेवेत कसूर झाली असे होत नाही, आणि ती अनुचित व्यापारी प्रथाही ठरत नाही. शिवाय ज्या सेवेत कला आहे, तिथे सेवा देणाऱ्याला आपल्या मर्जीने वागण्याची मोकळीक असणारच.

एका गाण्यासाठी आठ वर्षे कोर्टकचेरी, म्हणून या बाईंना हसणे सोपे आहे. हसणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की १५,००० रुपयांसाठी दिल्लीपर्यंत गेली ती कंपनी. ही रक्कम तिला जड नव्हती. ट्रेलरमध्ये जे दाखवले त्याला आपण बांधील आहोत, हे मान्य करणे तिला जड होते.

‘हा काय बायकांचा प्रश्न आहे का? हुंडा, मारहाण, रेशन, मजुरी हे सोडून आता सिनेमाच्या जाहिराती?’ आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका मैत्रिणीने असे विचारलेच. माझे उत्तर असे आहे की हा पुरेपूर बायकांचा प्रश्न आहे. झलक खोटी असते तेव्हा गळाला लावलेले आमिष बहुतेक वेळा बाईच असते: तिचे शरीर, तिचा चेहरा, आणि अलीकडे तिचे दुःखसुद्धा. त्या गळाला लागून पैसे मोजणाऱ्यांतही आपण असतो.

लोणच्याची बरणी आणि चित्रपटाचा डबा

मी बचतगटांच्या बायकांबरोबर काम करते. आमच्या बायका लोणची, पापड, चटण्या करून विकतात. त्यांच्या प्रत्येक पाकिटावर वजन छापावे लागते, त्यात काय काय घातले ते छापावे लागते, तारीख छापावी लागते, अन्नसुरक्षा खात्याचा क्रमांक छापावा लागतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. चार चुलींवर धंदा करणारी बाईही त्या कायद्याखाली येते. ‘बरणीवर कैरीचे चित्र होते ते फक्त वातावरणनिर्मितीसाठी, आत लिंबू आहे, लोणचे घालणे ही कला आहे आणि मला कलेची मोकळीक आहे’ असे ती तपासनिसाला सांगू शकेल का?

चित्रपटवाल्याला मात्र हे सांगता येते, आणि देशातले सर्वात मोठे न्यायालय ते ऐकूनही घेते.

खरे तर चित्रपटाच्या बाबतीत नियम जास्त कडक हवा. बाजारात आपण वांगे दाबून पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो, साडीचा पदर उलगडून उजेडात धरतो. चित्रपटाचे तिकीट ही अशी खरेदी आहे की माल पाहण्याआधी पैसे द्यायचे, आणि पाहून झाल्यावर परत करायची सोय नाही. अशा व्यवहारात झलक हाच एकमेव नमुना असतो. तो नमुनाच खोटा असेल तर गिऱ्हाइकाने निवड कशाच्या भरवशावर करायची?

हे गिऱ्हाईक कोण, तेही पाहा. घरातला पुरुष मित्रांबरोबर एखादा चित्रपट सहज टाकतो. तो भिकार निघाला तर दुसरा बघतो. आमच्या वस्तीतल्या बाईला चित्रपटाला जायचे तर आधी स्वयंपाक उरकायचा, पाण्याची वेळ सांभाळायची, सासूला सांगायचे, मुलांना बरोबर घ्यायचे, आणि चार तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातला खाऊ यांचा हिशेब महिन्याच्या खर्चात बसवायचा. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी हे जमते. तिच्या फसवणुकीचे मोल तिकिटावर छापलेल्या रकमेत मोजता येत नाही. शिवाय घरी आल्यावर ‘तूच हट्ट केला होतास ना?’ हेही तिनेच ऐकायचे.

अश्लील की खोटे?

चित्रपटांच्या जाहिरातींविरुद्ध स्त्रीसंघटनांनी पूर्वीही लढे दिले आहेत. उघड्यावाघड्या पोस्टरांना काळे फासले, थिएटरांपुढे निदर्शने केली. १९८६ मध्ये स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा आला. पण तो कायदा एकच प्रश्न विचारतो: हे चित्र असभ्य आहे का? या प्रश्नाला धरून बोलायला लागलो की आपल्या शेजारी नको ती माणसे येऊन उभी राहतात. पोस्टरवरच्या बाईचा पदर मोजणारे आणि आपल्या मुलीच्या जीन्सची लांबी मोजणारे एकाच संघटनेचे निघतात. मग आपला अर्धा वेळ ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हे सांगण्यात जातो.

त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारून पाहा: हे चित्र खोटे आहे का?

ज्या बाईचा कथेशी काडीचा संबंध नाही, तिचा नाच झलकेत पुन्हा पुन्हा दाखवतात आणि चित्रपटात ती चार मिनिटांत येऊन जाते. नायिका पोस्टरवर नायकाच्या बरोबरीने उभी असते आणि प्रत्यक्षात तिच्या वाट्याला दोन प्रसंग असतात. आठ मार्चच्या सुमारास ‘तिची लढाई’, ‘तिचा सूड’ म्हणून गाजावाजा केलेला चित्रपट पाहायला जावे, तर शेवटी तिला सोडवायला पोलीस इन्स्पेक्टर भाऊच धावत येतो. यातले काही असभ्य असेल, काही नसेल. पण जे विकले ते दिले नाही, हे सर्वांत समान आहे. आणि हे म्हणताना आपल्याला कुणाच्या कपड्यांविषयी अवाक्षर काढावे लागत नाही.

अमेरिकेतले एक प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये ‘यस्टरडे’ नावाचा चित्रपट आला. त्यात आना दे आर्मास या अभिनेत्रीने काम केले होते. पण प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवला, तेव्हा नायकाचे मन दुसऱ्या बाईकडे वळलेले त्यांना आवडले नाही, म्हणून तिचे प्रसंग चित्रपटातून कापले. ट्रेलरमधून मात्र तिला कापले नाही. तिच्यासाठी म्हणून दोन प्रेक्षकांनी प्रत्येकी ३.९९ डॉलर भरून घरी चित्रपट पाहिला आणि ती दिसली नाही म्हणून दावा लावला. युनिव्हर्सल ही कंपनी म्हणाली, ट्रेलर ही स्वतंत्र कलाकृती आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण हवे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी हे म्हणणे नाकारले. ट्रेलरमध्ये कलाकुसर असते हे खरे, पण तो मुळात माल विकण्यासाठी असतो, म्हणून त्याला खोट्या जाहिरातीचे कायदे लागू होऊ शकतात, असे त्यांनी सांगितले. त्यांनी मर्यादाही घातली: प्रेक्षकाच्या सगळ्या अपेक्षांचा इथे विचार होणार नाही, अमुक अभिनेत्री किंवा अमुक प्रसंग चित्रपटात आहे असे समजदार प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना वाटेल का, एवढेच पाहिले जाईल. पुढे २०२३ मध्ये हा दावा फिर्यादींना तो लावण्याचा हक्कच पोचत नाही, या निराळ्या कारणावरून निकालात निघाला. त्यामुळे कंपनीला अखेर काही भोगावे लागले असे नाही. पण ट्रेलर ही जाहिरात आहे, हे तिथल्या न्यायाधीशांनी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले.

या प्रकरणात त्या अभिनेत्रीचे काय झाले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. तिचे काम चित्रपटाला नको होते, तिचा चेहरा विक्रीला हवा होता. बाईच्या श्रमाला किंमत नाही आणि तिच्या रूपाला आहे, हे आपण कितीदा तरी म्हटले आहे. इथे ते संकलकाच्या कात्रीनेच दाखवून दिले.

बत्तीस हजारांचे तीन

गाणे नसणे, अभिनेत्री नसणे ही फसवणूक पैशांची आहे. झलक जेव्हा बायकांविषयी खोटी माहिती खरी म्हणून विकते, तेव्हा नुकसान फार मोठे असते.

‘द केरळ स्टोरी’ची झलक नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. केरळमधल्या ३२,००० मुलींचे धर्मांतर करून त्यांना दहशतवाद्यांच्या हाती दिले, असा दावा त्यात होता. हा आकडा कुठून आला, असे लोक विचारू लागले. प्रकरण न्यायालयात गेले. चित्रपट ५ मे २०२३ रोजी प्रदर्शित होण्याच्या तोंडावर ट्रेलरखालच्या मजकुरात ३२,००० च्या जागी तीन मुली आल्या. त्याच दिवशी केरळ उच्च न्यायालयाने प्रदर्शनाला स्थगिती द्यायला नकार दिला, पण ती झलक समाजमाध्यमांवरून काढून टाकू, असे निर्मात्याने न्यायालयात कबूल केले. १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयात निर्मात्याने आणखी एक कबुली दिली: ३२,००० या किंवा दुसऱ्या कुठल्याही आकड्याला अधिकृत माहितीचा आधार नाही आणि चित्रपट हे काल्पनिक रूपांतर आहे, अशी सूचना चित्रपटात घालू.

म्हणजे सहा महिने खोटे मोकाट फिरले आणि खुलासा आला तो प्रदर्शनानंतर. तोवर तो आकडा घराघरात पोचला होता. आमच्या भागातल्या आयाबायांच्या तोंडी ‘बत्तीस हजार’ होते. ‘तीन’ कुणाच्याच तोंडी नव्हते. २०२५ मध्ये याच चित्रपटाच्या दिग्दर्शकाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

या आकड्याची किंमत कुणी मोजली? कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी. मोबाइल तपासले गेले, मैत्रिणींची आडनावे विचारली गेली, ‘तू केव्हा फसशील सांगता येत नाही’ असे सांगून घरी बसवले गेले. सज्ञान मुलगी आपल्या मनाने जोडीदार निवडते, तेव्हा ती भोळी असते, फसलेली असते, तिला अक्कल नसते, हे या देशातल्या प्रत्येक खाप आणि जातपंचायतीचे म्हणणे. तेच म्हणणे झलकेने आकडा लावून विकले. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. ती या झलकेमुळे नेमली, असे मी म्हणत नाही. पण हवा एकच होती, आणि ती हवा तापवायला असे आकडे कामी येतात.

इथे कुणी म्हणेल, चित्रपटात खुलासा घातला, मग झाले की! नाही झाले. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम काढले. जाहिरातीत केलेला दिशाभूल करणारा दावा खालच्या खुलाशाने दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये, असे त्यात स्पष्ट आहे. साबण, तेल, केस वाढवायचे औषध यांना हा नियम. बायकांच्या आयुष्याशी खेळणाऱ्या झलकेला नाही?

ही सेन्सॉरशिपची मागणी नाही

आपण बंदीची भाषा करतो आहोत, असा आरोप होईल. म्हणून मी हे नीट सांगते. ‘द केरळ स्टोरी’वर पश्चिम बंगालने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १८ मे रोजीच स्थगित केली. बंदी घालून प्रश्न सुटतो, असे मला वाटत नाही. दिग्दर्शकाने काय चित्रपट करावा, त्यात गाणे ठेवावे की कापावे, हा त्याचा अधिकार आहे. आपल्याला न पटणारा चित्रपट करण्याचाही आहे. कलेचे स्वातंत्र्य चित्रपटाला आहे. तो चित्रपट पैसे घेऊन विकताना मालाविषयी खोटे बोलण्याचे स्वातंत्र्य त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘फॅन’च्या निकालात या दोन गोष्टींची गल्लत केली, असे माझे नम्र पण ठाम मत आहे.

झलकेतला प्रत्येक क्षण चित्रपटात सापडलाच पाहिजे, असा हट्टही नाही. एखादे वाक्य बदलते, एखादा प्रसंग कापला जातो, हे कुणीही समजून घेईल. माझ्या मते तीनच ठिकाणी रेघ ओढायला हवी. पहिले, ज्या गाण्याच्या, प्रसंगाच्या किंवा कलाकाराच्या नावावर चित्रपट विकला, ते चित्रपटात नसेल तर झलकेतच तसे लिहावे. ‘हे गाणे चित्रपटात नाही’ एवढे चार शब्द टाकायला काही खर्च नाही. दुसरे, चित्रपटाचा मूळ स्वभाव लपवू नये. हसतीखेळती कौटुंबिक गोष्ट म्हणून विकायची आणि आत लांबलचक बलात्काराचा प्रसंग घालायचा, हे चालता कामा नये. आमच्या समुपदेशन केंद्रात येणारी एक बाई अशाच एका चित्रपटातून मध्येच उठून बाहेर आली आणि नंतर कित्येक रात्री झोपली नाही. तिला ‘चित्रपटच तर आहे’ असे कुणी सांगू नये. आत काय आहे हे आधी कळले असते तर जायचे की नाही ते तिने ठरवले असते. तिसरे, खऱ्या माणसांविषयी आकडा किंवा घटना ‘सत्य’ म्हणून सांगितली, तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची.

आपण काय करायचे?

‘फॅन’चा निकाल १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्याखाली लागला. जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू आहे. त्यात ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ याची स्वतंत्र व्याख्या आहे. मालाचे किंवा सेवेचे खोटे वर्णन करणारी, तिच्या स्वरूपाबद्दल ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असलेली, किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात या व्याख्येत बसते. तिथे प्रस्ताव होता का, करार झाला होता का, हे विचारावे लागत नाही. या कायद्याखालचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशी जाहिरात मागे घ्यायला लावू शकते, १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जुन्या निकालाच्या भिंतीवर डोके आपटण्यापेक्षा हा दरवाजा ठोठावून पाहिला पाहिजे. कंपन्या ‘फॅन’चा निकाल पुढे करतील हे उघड आहे. करू देत. ट्रेलर ही जाहिरात आहे की नाही, याचे उत्तर या कायद्याखाली त्यांना द्यावे लागेल.

तक्रारीसाठी दिल्लीला जावे लागत नाही, महागडा वकील लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देता येते; चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार त्यांना आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिकीट जपून ठेवा. झलक कुठे, कोणत्या तारखेला पाहिली ते लिहून ठेवा. मोबाइलवर पाहिली असेल तर ती उतरवून ठेवा, कारण ओरड झाली की झलक गुपचूप बदलली जाते.

मागणीही एकत्र केली पाहिजे. थिएटरात दाखवायच्या झलकेला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, इंटरनेटवर टाकायच्या झलकेला ते लागत नाही. मी तिथेही सेन्सॉर बसवा असे म्हणत नाही. ग्राहक कायद्याच्या जाहिरातविषयक नियमांत चित्रपटाच्या झलकेचा नाव घेऊन उल्लेख करा, एवढेच म्हणते. वर सांगितलेल्या तीन रेघा त्यात घाला. प्रत्येक जिल्ह्यातल्या गटाने या मागणीचे एक पत्र प्राधिकरणाला पाठवले, तरी या प्रश्नाची नोंद त्यांना घ्यावी लागेल.

औरंगाबादच्या त्या बाई खालपासून वरपर्यंत आठ वर्षे लढल्या. त्यांच्या बाजूने कुठली संघटना उभी राहिल्याचे मी ऐकले नाही. पुढची तक्रार एकट्या बाईची नसावी. तिच्याखाली आपल्या गटाचे नाव असावे, आणि सही करायला आपण सगळ्या असाव्यात.